अलंकृत अक्षर आणि ‘पारदर्शक’ संहितेचा भ्रम

१

साहित्यविचारात काही गृहीतके अशी असतात की ती कोणी स्पष्टपणे मांडत नाही, आणि म्हणूनच त्यांचा प्रतिवादही होत नाही. ‘संहिता कोणत्या अक्षरवळणात छापली आहे याला वाङ्मयीन महत्त्व नाही’ हे अशांपैकी एक. कादंबरीतील निवेदनाची चिकित्सा करणारा, कवितेतील प्रतिमांची उकल करणारा समीक्षक छापील पान नावाची वस्तू ओलांडून थेट ‘आशया’पाशी पोहोचल्याचा दावा करतो. खिळे, शाई, कागद, समास, मथळा या गोष्टी त्याच्या लेखी मुद्रकाच्या अखत्यारीतील असतात. या दाव्याला सिद्धान्ताचे रूप दिले जात नाही. तो सवयीच्या बळावर टिकून आहे.

हे गृहीतक तपासायचे तर सौम्य उदाहरण घेऊन भागणार नाही. कादंबरीच्या मजकुरासाठी वापरल्या जाणाऱ्या सभ्य, संयत वळणाविषयी ‘ते दिसतच नाही’ असे म्हणण्याची सोय असते. म्हणून जे अक्षर दिसल्यावाचून राहूच शकत नाही तेच परीक्षेला घेणे योग्य. अलंकृत स्लॅब-सेरिफ हे तसे अक्षर आहे. रोमन लिपीतील अक्षराच्या दांड्यांच्या टोकांना जे आडवे पाय असतात त्यांना सेरिफ म्हणतात. हे पाय दांड्याइतकेच जाड आणि चौकोनी, फरशीच्या लादीसारखे केले की ते वळण स्लॅब-सेरिफ होते. त्या जाड अंगात नक्षी कोरली, भोवती बाह्यरेषा ओढली, छाया दिली की ते अलंकृत होते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात लाकडी खिळे बनविणाऱ्या विल्यम पेज यांच्या कारखान्याने १८७४ साली काढलेल्या बहुरंगी खिळ्यांच्या नमुनापुस्तकातील ‘क्लॅरेंडन ऑर्नमेंटेड’ हे या कुळातील एक ठळक अक्षर. त्यावरूनच १९९४ साली अ‍ॅडोबी कंपनीसाठी किम बकर चान्सलर, कार्ल क्रॉसग्रोव्ह आणि कॅरल ट्वॉम्बली यांनी ‘रोझवुड’ हा संगणकीय टंक तयार केला.

या अक्षराकडे पाहण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एक त्याला अभिरुचीचा भ्रंश मानते, दुसरी त्याला हरवलेल्या काळाचा अस्सल आवाज मानते. वरकरणी या रीती परस्परविरोधी दिसतात. प्रत्यक्षात दोन्ही एकाच चुकीवर उभ्या आहेत. अक्षराला त्याच्या वाचनाच्या परिस्थितीपासून तोडायचे आणि मग त्यात स्थिर असे सत्त्व पाहायचे, ही ती चूक होय. आणि तीच चूक ‘पारदर्शक’ संहितेच्या गृहीतकातही आहे.

२

प्रथम इतिहास पाहणे अवश्य आहे, कारण दोन्ही पक्षांना तो अडचणीचा ठरतो. स्लॅब-सेरिफ लंडनमध्ये जन्माला आले. व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या नमुनापुस्तकात १८१५ ते १८१७च्या सुमारास हे वळण ‘अँटिक’ या नावाने दिसते. त्यापूर्वीची छपाई मुख्यतः पुस्तकासाठी होती. पुस्तक हातात धरून, बसून, ओळीमागून ओळ वाचले जाते. औद्योगिक नगरात वाचनाची एक वेगळी परिस्थिती निर्माण झाली. वाचक उभा, किंबहुना चालता होता. मजकूर भिंतीवर होता, आणि त्याच भिंतीवर शेजारी दुसऱ्या दहाजणांचे मजकूर होते. १८२६ साली बंद पडण्यापूर्वी ब्रिटिश सरकारी लॉटरीची हस्तपत्रके याच जाड अक्षरांनी नटलेली असत. पुस्तकी अक्षर केवळ मोठे करून हे काम भागत नव्हते. दुरून पाहताना त्याच्या बारीक रेषा नाहीशा होतात. स्लॅब-सेरिफने बारीक रेषाच जवळजवळ रद्द केली. त्याचे जाड पाय ही अक्षराची हौस नव्हती, दुरून वाचणाऱ्याची ती गरज होती.

समकालीन जाणकारांनी या वळणाचे स्वागत केले नाही. मुद्रणकलेवर १८२५ साली ग्रंथ लिहिणाऱ्या टॉमस कर्सन हॅन्सार्ड यांनी या नव्या जाड अक्षरांवर कठोर टीका केली. ती समजण्यासारखीही आहे. हॅन्सार्ड पुस्तकाच्या मोजपट्टीने भित्तिपत्रक मोजत होते. पण हीच मोजपट्टी पुढे दोनशे वर्षे ‘अभिरुची’ या नावाने वावरली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

नामकरणाचा इतिहास तर चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटावा. या कुळाला ‘इजिप्शियन’ असेही नाव पडले. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तची जी मोहिनी पसरली होती तिच्याशी या नावाचा संबंध जोडला जातो. गंमत अशी की, १८१६च्या सुमारास कॅस्लन यांच्या फौंड्रीने ‘इजिप्शियन’ म्हणून जे वळण नमुन्यात दाखविले त्याला सेरिफच नव्हते. तेच नाव थोड्याच वर्षांत, रॉबर्ट थॉर्न यांच्या मृत्यूनंतर त्यांची फौंड्री घेणाऱ्या थोरोगुड यांच्या नमुन्यात, जाड पायांच्या अक्षराला लागले. पुढे ‘ग्रीशन’, ‘टस्कन’, ‘इटालियन’, ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ अशी नावे आली. या नावांचा त्या त्या देशाच्या लेखनपरंपरेशी काही संबंध नव्हता. चिन्हक आणि चिन्हित यांच्यातील नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे प्रतिपादन वर्गात शिकविताना झाडाचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. टाइप-फौंड्रीच्या नमुनापुस्तकात त्याहून चांगली उदाहरणे पानोपानी सापडतात.

१८४५ हे वर्ष या इतिहासात विशेष महत्त्वाचे. त्या साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फौंड्रीच्या रॉबर्ट बेस्ली यांनी ‘क्लॅरेंडन’ हे वळण नोंदविले. त्याचे पंच बेंजामिन फॉक्स यांनी कोरले होते. नव्या कायद्यान्वये त्याला तीन वर्षांचे संरक्षण मिळाले, आणि मुदत संपताच इतर फौंड्र्यांनी त्याच्या नकला काढल्या. क्लॅरेंडन भित्तिपत्रकासाठी नव्हते. साध्या मजकुराच्या ओळीत, त्याच आकारात, एखादा शब्द उठून दिसावा यासाठी ते घडविले गेले. तोवर जोर देण्यासाठी तिरपी अक्षरे, मोठी अक्षरे किंवा गॉथिक वळण वापरले जाई. ‘ठळक टाइप’ ही आज स्वयंसिद्ध वाटणारी सोय त्या काळात रूढ झाली, आणि इंग्रजी मुद्रकांच्या बोलीत ‘क्लॅरेंडन’ हा शब्दच ठळक टाइपाचा पर्याय झाला. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशातील शीर्षशब्द याच ठळक वळणात बसविले गेले. म्हणजे जाहिरातीच्या भिंतीवर जन्मलेल्या अक्षराने ज्ञानाच्या सर्वांत गंभीर ग्रंथात शब्द शोधण्याची रीत घडविली. ‘व्यापारी’ अक्षर आणि ‘विद्वत्तेचे’ अक्षर अशी सोवळी वाटणी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

३

आता पहिला पक्ष. त्याचे सर्वांत प्रभावी विधान बीट्रिस वॉर्ड यांनी १९३० साली लंडनमधील एका व्याख्यानात केले. पुढे ते स्फटिकाच्या पेल्याच्या रूपकामुळे प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मद्याचा खरा जाणकार सोन्याच्या नक्षीदार चषकाऐवजी पारदर्शक काचेचा पेला निवडील, कारण त्याला पेला पाहायचा नसून मद्य पाहायचे असते. चांगले मुद्रणही असेच अदृश्य असावे.

रूपक मोहक आहे. त्यातील तर्क मात्र काचेइतका स्वच्छ नाही. मद्य पेल्यात ओतण्यापूर्वी बाटलीत असते, पेल्यावाचून त्याला अस्तित्व असते. संहितेचे तसे आहे काय? अक्षरांत उतरण्यापूर्वीची, कोणत्याही लिपीत, उच्चारात वा वळणात नसलेली अशी संहिता कोठे साठविलेली असते? रूपक स्वीकारले की आशय हा द्रव आणि अभिव्यक्ती हे भांडे ही विभागणी आपोआप स्वीकारली जाते. घाट आणि आशय यांच्या अद्वैताचे पाठ देणारी समीक्षा पानाशी येताच हे द्वैत मुकाट्याने मान्य करते, ही विसंगती कोणाला टोचत नाही.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा. वॉर्ड या मोनोटाइप कंपनीच्या प्रसिद्धिविभागाच्या प्रमुख होत्या. टाइप लोकांच्या नजरेत भरविणे हा त्यांचा व्यवसाय होता. १९३२ साली त्यांनी मुद्रणालयाच्या थोरवीविषयीचा एक मजकूर लिहिला, आणि तो जगभरच्या छापखान्यांतून टांगला गेला. तो लिहिला गेला एरिक गिल यांच्या ‘पर्पेचुआ’ या टाइपाची मोठी अक्षरे दाखविण्यासाठी. अदृश्यतेच्या प्रवक्त्या लेखिकेचा हा बहुप्रसृत मजकूर अक्षर दृश्य करण्यासाठीच अवतरला! यात लबाडी पाहण्याचे कारण नाही. ‘अदृश्य’ अक्षर हीसुद्धा एक शैली आहे, तिलाही नमुनापुस्तक आणि बाजारपेठ असते, एवढाच याचा अर्थ. वाचकाला ती दिसत नाही याचे कारण ती सवयीची आहे. सवय हा अक्षराचा गुण नव्हे. तो वाचकाच्या इतिहासाचा भाग आहे.

अलंकारद्वेषाची दुसरी परंपरा वास्तुकार आडोल्फ लोस यांची. १९१०च्या सुमारास व्हिएन्नामध्ये त्यांनी अलंकरणाचा संबंध गुन्ह्याशी जोडला आणि उपयोगाच्या वस्तूंवरील अलंकार नाहीसा होत जाणे म्हणजेच संस्कृतीची उत्क्रांती, असे सूत्र मांडले. त्यांच्या युक्तिवादात अंगावर गोंदणारा पापुआ बेटावरील माणूस उत्क्रांतीच्या खालच्या पायरीवर उभा केलेला आहे. वसाहतवादी मानववंशशास्त्राचा हा वास सौंदर्यशास्त्राच्या नावाखाली दडून राहतो. ‘नक्षी म्हणजे मागासलेपण’ हे सूत्र भारतीय वाचकाने निरागसपणे उचलावे असे नाही. टाइपाच्या क्षेत्रात याच शुद्धीकरणाचा जाहीरनामा यान चिशोल्ड यांनी १९२८ साली लिहिला. पण १९४६ साली त्यांनीच त्या नव्या मुद्रणविचारातील असहिष्णुतेचे जर्मन एकाधिकारवादी वृत्तीशी नाते असल्याचे सांगितले. लोस आणि तरुण चिशोल्ड यांचे दाखले देणारे या उत्तरार्धाविषयी मौन पाळतात.

अलंकाराचा प्रश्न मुळात भारतीय साहित्यशास्त्राला परका नाही. येथे त्याची चर्चा युरोपच्या कितीतरी आधी आणि अधिक सूक्ष्मपणे झाली आहे. आनंदवर्धनाने अलंकारांना शरीरावरील कंकणांसारखे अंगाश्रित मानले आणि गुणांना रसाश्रित मानले. वरवर पाहता हे मत स्फटिकाच्या पेल्याच्या जवळचे वाटेल. परंतु त्यानेच खऱ्या अलंकाराची कसोटी म्हणून तो ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ असावा, म्हणजे त्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागू नये, असे म्हटले. ही कसोटी अलंकारावर बंदी घालत नाही. उसना अलंकार कोणता आणि अंगभूत कोणता याचा विवेक ती करते. कुंतकाने तर अलंकार आणि अलंकार्य यांचा भेद केवळ विवेचनाच्या सोयीसाठी असल्याचे सांगितले. काव्य अलंकारासहितच काव्य असते. आधी काव्य आणि मग त्याला अलंकार, असा क्रम त्याला मान्य नाही.

हे तत्त्व अक्षराला लावून पाहावे. टंकलेखनयंत्रात प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी द्यावी लागते. तेथे रोमन ‘आय’ किंवा ‘एल’ ही सडपातळ अक्षरे आपल्या चौकटीत एकाकी पडतात आणि शब्दात भोके दिसतात. त्यांना लांब आडवे पाय दिले की चौकट भरते. हॉवर्ड केटलर यांनी १९५५च्या सुमारास घडविलेले ‘कुरियर’ याच कारणाने स्लॅब-सेरिफ आहे. भित्तिपत्रकात ज्याला दिखाऊ म्हटले गेले तेच येथे रचनेची अपरिहार्यता झाले. पाय तेच, कार्य वेगळे. मग ‘स्लॅब-सेरिफ म्हणजे अलंकार’ हे विधान वाचनाची परिस्थिती न सांगता करता येईल काय? जो अवयव एका ठिकाणी कंकण असतो तो दुसऱ्या ठिकाणी हाड असतो. कुंतकाला हे सांगावे लागले नसते.

४

दुसरा पक्ष अधिक लोकप्रिय आहे, आणि म्हणून अधिक धोकादायक. नक्षीदार स्लॅब-सेरिफ दिसले की अमेरिकेचा ‘रानटी पश्चिम’, घोडेस्वार, मद्यगृह, गुन्हेगाराच्या शिरावरील बक्षीस हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. सर्कशीची पत्रके, उपाहारगृहांच्या पाट्या, मद्याच्या बाटल्यांवरील लेबले या स्मृतीवरच चालतात. हे अक्षर ‘अस्सल’ आहे, त्यात लाकडाचा आणि हाताचा स्पर्श आहे, असे या पक्षाचे म्हणणे.

स्पर्श होता, परंतु तो यंत्राचा होता. मोठ्या आकाराचे धातूचे खिळे जड होत, महाग पडत, आणि ओतताना एकसारखे थंड होत नसत. लाकडाचा उपाय त्यातून आला. न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्स यांनी १८२७ साली लाकडी खिळे कोरण्यासाठी फिरत्या पात्याचे यंत्र वापरले. १८३४ साली विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याला पँटोग्राफ जोडला. त्यामुळे एका मूळ आकृतीवरून लहान, मोठी, अरुंद, रुंद अशी हवी तितकी अक्षरे कोरता येऊ लागली. ज्याला आज हस्तकलेचा अवशेष समजले जाते ते यांत्रिक पुनरुत्पादनाचे आरंभीचे अपत्य आहे. पेज यांच्या बहुरंगी खिळ्यांत एकाच अक्षराचे दोन किंवा अधिक ठोकळे असत, आणि प्रत्येक ठोकळा वेगळ्या शाईत छापला जाई. दोन शाई जेथे एकमेकींवर येत तेथे तिसरा रंग उमटे. त्यासाठी दोन्ही ठोकळ्यांची जागा तंतोतंत जुळावी लागे. नक्षी अशा हिशेबी शिस्तीतून येत होती. तिच्यामागे भोळा लोककलावंत शोधणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

‘पश्चिमे’शी जोडलेले नातेही उत्तरकालीन आहे. लंडनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लाकडात उतरलेले हे अक्षर एकोणिसाव्या शतकात सर्वत्र आणि सर्व कामांसाठी वापरले गेले. गुलामांच्या विक्रीची पत्रके जाड ठसठशीत अक्षरांत छापली जात. एप्रिल १८५१ मध्ये बोस्टनमधील कृष्णवर्णीय नागरिकांना, पळून आलेल्या गुलामांना पकडणाऱ्या पोलिसांपासून सावध करणारे जे पत्रक निघाले त्याचा मथळाही अशाच ठसठशीत अक्षरांत होता. माणूस विकणारा आणि माणूस वाचविणारा या दोघांनी छापखान्याच्या त्याच घरांतून खिळे उचलले. अक्षरात ‘सत्त्व’ असते असे मानणाऱ्याने या दोन पत्रकांपुढे उभे राहून ते कोणते, हे सांगावे.

रोलाँ बार्थने १९५७ सालच्या आपल्या ग्रंथात मिथकाचे जे कार्य सांगितले ते येथे नेमके लागू पडते. मिथक इतिहासाला निसर्गाचे रूप देते. चित्रपटाने एका अक्षरवळणाच्या अनेक उपयोगांतून एक निवडला, बाकीचे पुसले, आणि उरलेल्याला त्या वळणाचा ‘स्वभाव’ ठरविले. पुसले गेले त्यात गुलामांची विक्री होती, हे केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. स्मरणरंजनाला विस्मरणाची मदत घ्यावीच लागते.

संगणकीय पुनरवतारात हे मिथक एक पायरी पुढे जाते. अ‍ॅडोबीने १९९० साली लाकडी खिळ्यांवरून केलेल्या टंकांना ‘कॉटनवुड’, ‘आयर्नवुड’, ‘जुनिपर’, ‘मेस्कीट’, ‘पाँडरोसा’ अशी वृक्षांची नावे दिली. ‘रोझवुड’ त्याच माळेतील पुढचा मणी. ज्यात लाकडाचा कण नाही अशा गणिती बाह्यरेषेला झाडाचे नाव देणे ही साधी जाहिरातयुक्ती वाटेल. देरिदाच्या परिभाषेत मात्र हे पूरकाचे लक्षणीय उदाहरण आहे. जे नाही त्याची जागा नाव भरून काढते आणि भरून काढतानाच त्याचा अभाव उघड करते. ‘रोझवुड’चे दोन भाग आहेत, एक नक्षीचा आणि एक भरणीचा. तोच शब्द दोन्ही भागांत जुळवून एकावर एक ठेवला की दोन रंग मिळतात. पेज यांच्या दोन ठोकळ्यांचे तर्कशास्त्र येथे टिकले आहे. चुकण्याची शक्यता मात्र गेली आहे. लाकडी ठोकळा झिजतो, कपचा उडतो, शाई कमीअधिक घेतो, किंचित सरकतो. संगणकीय अक्षर यांपैकी काहीच करीत नाही. म्हणून मग त्यावर कृत्रिम ओरखडे काढण्याची फॅशन येते. अस्सलपणाचा हव्यास अखेरीस बनावट जीर्णतेपाशी येऊन थांबतो.

संगणकीय अक्षर अविनाशी आहे हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. १९९० च्या दशकात हे टंक ज्या ‘टाइप वन’ स्वरूपात वितरित झाले त्या स्वरूपाचा आधार अ‍ॅडोबीने २०२३ च्या आरंभी आपल्या आज्ञावलींतून काढून घेतला. १८७४ सालचा झिजलेला ठोकळा आजही शाई लावून छापता येतो. तीस वर्षांपूर्वीची फाइल मात्र नव्या स्वरूपात आणल्याखेरीज चालत नाही. द्रव्यापासून सुटका झाल्याचा दावा करणाऱ्या अक्षरालाही त्याचे द्रव्य असते. ते फक्त वाचकापासून दूर नेऊन ठेवलेले असते.

५

येथवरच्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात, आणि ते दुबळे नाहीत.

पहिला आक्षेप सुवाच्यतेचा. नक्षीदार अक्षरांत तीनशे पानांची कादंबरी छापली तर ती कोण वाचील? कोणीच नाही. पण हा आक्षेप प्रस्तुत प्रतिपादनाला छेद न देता त्याला बळकटीच देतो. दीर्घ वाचनासाठी संयत अक्षर योग्य, हे विधान परिस्थितीविषयीचे आहे. त्यावरून ‘संयत अक्षर अर्थनिरपेक्ष असते’ हा निष्कर्ष काढणे ही उडी आहे. सुती वस्त्र उन्हाळ्यात सोयीचे म्हणून ते वस्त्रच नाही, असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे जाहिरातीच्या आणि उपयोजित कलेच्या अभ्यासकांनी पाहावे, साहित्याच्या अभ्यासकाचा येथे संबंध काय? या आक्षेपाला आधुनिक कवितेच्या इतिहासानेच उत्तर दिले आहे. मालार्मेने १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या फाशांच्या कवितेत अक्षरांचे लहानमोठे आकार आणि पानावरील मोकळी जागा रचनेचाच भाग आहेत. अपोलिनेरच्या ‘झोन’ या १९१३ सालच्या संग्रहातील कवितेत पत्रके आणि भित्तिपत्रके यांना कवितेचा मान मिळतो. १९१४ साली विंडम लुईस यांनी काढलेल्या ‘ब्लास्ट’ने जाहिरातीच्या जाड अक्षरांना जाहीरनाम्याचे शस्त्र केले. सिद्धान्ताच्या बाजूनेही वाट मोकळी झाली आहे. डी. एफ. मॅकेन्झी यांनी १९८५ सालच्या व्याख्यानांत ग्रंथाच्या भौतिक रूपाचा अर्थनिर्मितीशी असलेला संबंध दाखविला. जेरार जनेत यांनी १९८७ साली उपसंहितेच्या विचारात टाइपाची निवडही अंतर्भूत केली. जेरोम मॅगन यांनी १९९१ साली भाषिक संकेत आणि ग्रंथीय संकेत असा भेद करून दोहोंच्या विणीतून संहिता घडते असे मांडले. ही नावे मराठी समीक्षेत अधूनमधून येतात. त्यांच्यामुळे विश्लेषणाची रीत मात्र बदललेली नाही.

याचे एक कारण मराठी सौंदर्यविचाराच्या घडणीत आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये साहित्याच्या माध्यमाचा प्रश्न धारदारपणे उपस्थित केला, आणि ते माध्यम शब्दाच्या नादात नसून त्याच्या भावनात्मक अर्थात असल्याचे उत्तर दिले. त्या उत्तराची तात्त्विक शक्ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, अक्षराचे दृश्यरूप चर्चेच्या कक्षेबाहेरच राहिले. नाद बाहेर ठेवल्यावर रेषेला आत कोण घेणार? परिणामी अरुण कोलटकरांसारखा कवी व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील दृश्यकार होता, अक्षरकार र. कृ. जोशी स्वतः कवी होते, या गोष्टी चरित्रात्मक माहिती म्हणून नोंदल्या जातात. त्यांच्या कवितेच्या वाचनाला त्या क्वचितच भिडतात.

६

मराठीच्या संदर्भात हा प्रश्न मांडताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्लॅब-सेरिफची देवनागरी आवृत्ती शोधण्याचा मोह टाळावा. शिरोरेषा म्हणजे देवनागरीचे सेरिफ, असे समीकरण सहज केले जाते. ते चूक आहे. सेरिफ दांड्याचा शेवट करते, म्हणजे ते एका अक्षराचे अंग आहे. शिरोरेषा अक्षराला अक्षर जोडते आणि शब्दाची सीमा ठरविते, म्हणजे ती शब्दाचे अंग आहे. धातूच्या खिळ्यांत ती प्रत्येक खिळ्याबरोबर तुकड्यातुकड्याने ओतावी लागे, आणि जुळणी सैल झाली की शब्दाच्या माथ्यावर भेगा दिसत. रोमन लिपीतील संज्ञा देवनागरीवर लादणे हेही ‘अक्षर परिस्थितीनिरपेक्ष असते’ या भ्रमाचेच दुसरे रूप होय.

स्लॅब-सेरिफच्या इतिहासातून उसनवार घेण्यासारखी गोष्ट आकृती ही नसून प्रश्न विचारण्याची रीत ही आहे. तो प्रश्न मराठीत किती जवळचा आहे याचा पुरावा ‘ल’ आणि ‘श’ ही दोन अक्षरे देतात. या अक्षरांचे मराठी वळण हिंदीतील प्रचलित वळणाहून वेगळे आहे. युनिकोडची व्यवस्था १९९१ पासून ज्या तत्त्वावर उभी आहे ते असे की, संकेतांक अमूर्त वर्णाला द्यायचा, त्याच्या आकृतीला नाही. ‘ल’ला एकच अंक आहे. तो मराठी वळणात दिसेल की हिंदी वळणात, हे टंकावर आणि आज्ञावलीवर अवलंबून राहते. म्हणजे स्फटिकाच्या पेल्याचे रूपक येथे तंत्रज्ञानाचे विधान होऊन बसले आहे : वर्ण हे मद्य, आकृती हा पेला. पण महाराष्ट्र शासनाला नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढून ‘पाकळीयुक्त ल’ आणि ‘देठयुक्त श’ यांचा आग्रह धरावा लागला. आकृती जर खरोखरच अर्थनिरपेक्ष असेल तर हा आग्रह निरर्थक ठरतो. तो निरर्थक नाही, हे कोणत्याही मराठी वाचकाला परक्या वळणातील ‘ल’ पाहताच जाणवते. अदृश्य म्हणून गौरविलेले अक्षर असे एका क्षणात दिसू लागते, कारण तेथे भाषेच्या ओळखीचाच प्रश्न असतो.

यापुढील प्रश्न निकडीचा आहे. गेल्या दीडशे वर्षांतील मराठी ग्रंथ नव्याने जुळविले जात आहेत. समग्र वाङ्मयाचे खंड निघतात, जुनी पुस्तके संगणकीय मजकुरात रूपांतरित होतात. या रूपांतरात शब्द राहतात. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्याने घडविलेले वळण, मुखपृष्ठावरील अक्षररचना, नाटकाच्या जाहिरातीतील आकारांची चढउतार, लघुनियतकालिकांच्या पानांवरील मुद्दाम केलेली मोडतोड या गोष्टी मात्र गळून पडतात. गळून पडल्या याची नोंदही होत नाही, कारण त्या संहितेचा भाग आहेत असे मुळात कोणी मानलेलेच नसते. पाठभेदासाठी एका ऱ्हस्वदीर्घावरून वाद घालणारा संपादक संपूर्ण पानाच्या पाठभेदाविषयी मौन पाळतो.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक चिकित्सक आवृत्तीच्या संपादकीयात मूळ मुद्रणाचे वळण, आकार आणि मुखपृष्ठाची रचना यांचे वर्णन असावे. शोधप्रबंधात कवितेचा उतारा देताना तो कोणत्या मुद्रणातून घेतला आणि त्यातील दृश्यरचना कितपत बदलली, हे सांगितले जावे. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील संहिताविचारात मुद्रणाच्या इतिहासाला एखाद्या प्रकरणाची जागा मिळावी. आणि कोणत्याही अक्षराविषयी बोलताना तीन प्रश्न अनिवार्य ठरावेत : ते कोणत्या वाचनपरिस्थितीसाठी घडले, कोणकोणत्या उपयोगांतून गेले, आणि त्यांपैकी कोणते उपयोग आज विसरले गेले आहेत? ‘रोझवुड’ला हे प्रश्न विचारले की फॅशनच्या दुकानातील एक टंक लॉटरीच्या पत्रकापर्यंत, गुलामांच्या बाजारापर्यंत आणि शब्दकोशाच्या पानापर्यंत घेऊन जातो. जुन्या मराठी मुखपृष्ठावरील अक्षराला ते विचारले गेल्यावर तेही कोठे ना कोठे घेऊन जाईल. मात्र त्यासाठी ते मुखपृष्ठ तोवर शिल्लक राहिले पाहिजे.